हाडाचं पोतं

भूपाल आईच्या नजरेला नजर देईना, याला आता आठ दिवस झाले होते. दोन लेकरांचा बाप, गावात फेटा बांधून ऐटीत हिंडणारा गडी. आणि जेवायला बसला की ताटातली भाकरी जन्मात पहिल्यांदाच दिसल्यासारखी तिच्याकडं बघत राहायचा. त्याच्या आईला, त्रिशलाआक्काला, हे अजिबात खपत नव्हतं. भांडावं, ताट सरकवावं. पण मूग गिळून बसलेला माणूस घरात असला की अन्नाची चव जाते.

कारण तिला ठाऊक होतं. विहिरीवर धोंडुबाईनं सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, "तुमची गाडी कोल्हापुरातनं आली न्हवं, हाडाच्या खताचं पोतं होतं की वर. म्या डोळ्यानं बघितलं."

स्वराज्य आल्यापासून शेतीखात्याचा माणूस वर्षातून दोनदा चावडीत येऊन बोलायचा. पिकाला नत्र, स्फुरद आणि पालाश तिन्ही लागतात, असं तो सांगून गेला होता. आक्का खांबाआड उभी राहून ऐकत होती. शेण गोठ्यात होतं, राख चुलीत होती. त्याची दोन नावं तिनं तिथंच निकालात काढली. तिसरं हाडांच्या पिठात असतं म्हणाला, तशी ती पदर आवळून घरी आली. जैनाच्या रानात हाडं!

ऊस गुडघ्याएवढा होऊन अडून बसला होता, हे तिलाही दिसत होतं. पण त्याच उसाच्या गुळाची पहिली ढेप सासऱ्याच्या काळापासून बस्तीत, जैनांच्या देवळात, देवापुढं जात होती. ती आता कुठल्या तोंडानं न्यायची? आठ दिवस आक्का बस्तीच्या पायरीवरूनच हात जोडून माघारी येत होती.

नवव्या दिवशी सकाळी तिनं घरच्या काळ्या कुत्र्याच्या गळ्यात दोरी अडकवली आणि तडक रान गाठलं.

शेजारच्या पिराजीच्या रानात गावची चार कुत्री जमली होती. त्यानं उघडउघड हाडाचं खत टाकलं होतं. कुत्री सऱ्या उकरत होती आणि पिराजी ढेकळं मारून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. आक्कानं घटकाभर ते बघितलं आणि आपल्या कुत्र्याला आपल्या उसात घातलं.

"आक्का, कुत्रं कशाला आणलंयस?" भूपाल उसाला पाणी द्यायचं सोडून धावत आला.

"तू बोलंनास. ते तरी बोलंल."

कुत्र्यानं एका सरीत नाक घातलं आणि शिंकलं. दुसऱ्या सरीत हुंगलं, तोंड फिरवलं, आणि पिराजीच्या बांधाकडं जायला दोरीला हिसके देऊ लागलं.

आक्का खाली बसली. सरीतली मूठभर माती उचलून तिनं नाकाशी धरली. कडवट वास आला. करंजाची पेंड! लहानपणी खरजेवर आजी करंजाचंच तेल चोळायची. तिनं ती माती पुन्हा एकदा हुंगली. हाडाचा वास कुठंच नव्हता.

"मग पोतं कुठं गेलं?"

"आणलं होतं की," भूपाल पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत म्हणाला. "बांधावर उतरवलं, तोंड सोडलं. हात काय आत जाईना. पिराजीला देऊन टाकलं. दुसऱ्या दिशी घाण्यावरनं पेंड आणली."

"मग सांगायला जीभ झडलीती व्हय तुझी?"

"टाकलं न्हाय आक्का. पर आणलं तर हुतंच न्हवं."

आक्काला हसू येत होतं. पण लेकाला ते दाखवायची तिची रीत नव्हती. तिनं कुत्र्याच्या गळ्यातली दोरी सोडली. ते थेट पिराजीच्या रानात घुसलं आणि पलीकडून नवी शिवी ऐकू आली. आक्कानं पदराला हात पुसले. बांधाशेजारी जू टेकून गाडी उभी होती, तिच्याकडं बघितलं, मग भूपालकडं.

"ढेप बस्तीत जाणार," ती म्हणाली. "पर तुझ्या डोक्यावरनं, आणि चालत. गाडीत हाडं बसून आल्यात. देवाचा गूळ त्यात बसायचा न्हाय."