ओळखीची खूण

पुतळीनं पिशवीतून कॅसेट काढून काउंटरवर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही उचलला नाही.

"ही तुमचीच हाय," ती रघूला म्हणाली. "पन परत द्यायला नाय आले. मागायला आले."

रघूच्या रोह्यातल्या दुकानात कॅसेटींवर आता धूळ बसली होती. केबल आल्यापासून व्हिडिओ लायब्ररीचं नुसतं नाव उरलं होतं. त्यानं कॅसेट ओढून बघितली. मिठागरात घडलेला हात, हलतोय कशाला. तो हात तसाच ठेवून पुतळीनं सगळं सांगून टाकलं. पेणहून एस.टी.त उभ्यानं येताना ती तेच पाठ करत आली होती.

तिच्या नवऱ्याचे, गुणाजीचे, कान तापात गेले. त्याआधी आळीला हसवायचं काम त्याच्याकडेच होतं. मिठागराच्या मुकादमाची नक्कल तो अशी करायचा की खुद्द मुकादम पोट धरून हसायचा. कान गेले आणि माणूस भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. चारजण हसले की त्याला वाटायचं, मलाच हसतायत. शेजारी जेकबशेठकडे दर रविवारी दुपारी रघूकडची कॅसेट आणून व्हिडिओ लागायचा, अर्धी आळी जमायची. एकदा तेच गुणाजीला हाताला धरून घेऊन गेले. हिंदी सिनेमा होता. कसलासा विनोद झाला, सगळे खदखदून हसले आणि गुणाजी अर्ध्यातून उठून घरी आला. जेवलाही नाही. पुतळी समजूत तरी कशी काढणार? समजूत काढायला समोरच्याला कान लागतात.

मग एका रविवारी ती चूक झाली. खोक्यावर हिंदी नट-नटी, आत भलतंच. काळं-पांढरं चित्र, आणि बोलणं कुठल्या मुलखातलं, देव जाणे. लांब कोटातली माणसं एकमेकांच्या मागावर होती. कुणी फुलदाणीत तोंड घालून बोलत होतं, कुणी वर्तमानपत्राला भोक पाडून बघत होतं. खाटेवर शेंगा सोलत बसलेल्या जेकबशेठनी कपाळाला हात लावला. म्हणाले, हे फ्रेंच दिसतंय, त्या रघ्यानं फसवलं मला. बायका म्हणाल्या, बंद करा. त्यांची बायको एस्थरबाय बटण दाबायला उठलीसुद्धा. एवढ्यात दारापाशी गुणाजी मोठ्यानं हसला. कपाट सरकवायला म्हणून जेकबशेठनी त्याला बोलावलं होतं, तो तिथंच टेकला होता.

"तो वेटर बी त्यांच्यातलाच हाय," गुणाजी म्हणाला. "डोलं बघा त्याचं."

वेटरनं सूपच्या भांड्याचं झाकण उचललं आणि आतून कॅमेरा काढला.

आळी गुणाजीकडे तोंड करून बसली ती तेव्हापासून. बोलणं कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे कान असलेले आणि नसलेले एकाच पंगतीला. गुणाजी पदरची वाक्यं घालायचा. हेरांचा साहेब थेट मिठागराच्या मुकादमासारखा बोलायला लागला. पुढे नवे सिनेमे आले नि गेले, पण पाहुणा आला की आळी म्हणायची, तो हेरांचा लावा. कितीदा बघितलं तरी झाकण उचललं की हशा ठरलेला. जेकबशेठ दर खेपेला कुरकुरायचे, ही एकदा परत करायला हवी. केली मात्र कधीच नाही.

त्या पहिल्या रविवारनंतर लगेच जेकबशेठच्या घरी मलिदा झाला. त्यांच्या ज्यू लोकांत देवाचे आभार मानायचे असले की एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेऊन तो करतात. गोड पोह्यांचं ताट पुतळीकडेही आलं. आळी म्हणाली, इस्रायलला जायचे कागद आले असतील. कागद आले ते फार नंतर.

त्या सिनेमात एक खूण होती. एका हेरानं दुसऱ्याला ओळखलं की तो तोंडानं काही बोलायचा नाही, नुसती स्वतःच्या कानाची पाळी ओढायचा. म्हणजे, ओळखलं तुला. आळीतली शेंबडी पोरंही तेच करत फिरायची.

गेल्या आठवड्यात जेकबशेठ आणि एस्थरबाय इस्रायलला गेली. टीव्ही आणि व्हिडिओ गुणाजीला देऊन गेली. पेणच्या स्टँडवर सगळी आळी रडत होती. गुणाजी तेवढा रडला नाही. तो जेकबशेठपुढे जाऊन उभा राहिला आणि त्यानं कानाची पाळी ओढली. रडता रडता सगळे हसले. जेकबशेठ मात्र चोरी पकडल्यासारखे दचकले. मग इकडेतिकडे बघत त्यांनीही हळूच आपली पाळी ओढली आणि घाईघाईनं गाडीत चढले.

"टीवी आमाला दिला, पन कॅसेट तुमची," पुतळी म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू दडवून हसू येत नाय, भाऊ. आन् ही गेली तर तो परत भिंतीकडं तोंड करल." तिनं पिशवीतून सुक्या बोंबलांची जुडीही काढून ठेवली.

रघू कॅसेट निरखत राहिला.

"मावशी, ही माझी नाय. जेकबशेठनी तवाच विकत घेतली. कंपनीतला एक फ्रेंच साहेब जाताना ढीगभर कॅसेटी टाकून गेला होता. शेठ दोन दिवस इथं बसून एकेक लावून बघत होते. आवाज बंद करून. शेवटी ही घेतली. वर हिंदीचं खोकं घाल म्हणाले, आन् कुणी विचारलं तर चूक झाली म्हण."

पुतळीनं हात उचलला. कॅसेट पदरानं पुसून पिशवीत घातली. बोंबील तिथंच राहू दिले.

इतक्या वेळा तो सिनेमा बघून आळीनं त्यातले सगळे हेर ओळखले होते. खाटेवर शेंगा सोलत बसलेला तेवढा कुणाला ओळखता आला नव्हता.

एका गुणाजीला सोडून.