कमरेचा पट्टा

कानाच्या दुखण्यानं आजोबांचा तोल जायचा. डॉक्टरीणबाईंनी कमरेला बांधायला सेन्सरचा पट्टा दिला. तो बांधून रोज घरात फेऱ्या मारायच्या, चालण्याची नोंद आपोआप दवाखान्यात पोचायची. पण व्यायाम म्हटलं की आजोबांच्या कपाळाला आठ्या! बोलणी बसू नयेत म्हणून पट्टा बांधून आजीच फेऱ्या मारायची. दवाखान्यातून शाबासकी आली की दोघं पोट धरून हसायची.

आज डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "आजोबा, काल दोनदा पडलात, अन् कळवलंही नाहीत?"

आजोबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. काल ते खुर्चीतून हललेच नव्हते. स्वयंपाकघरातून मात्र दोनदा धपकन आवाज आला होता, अन् दोन्ही वेळा आजी आतूनच म्हणाली होती, "काही नाही हो, पातेलं पडलं."