होता तसा हॉल

“मिटलेत ना डोळे? फसवायचं नाही हं, आजोबा!”

आजोबांचे दोन्ही हात धरून भिंगरी उलट्या पावलांनी त्यांना हॉलमध्ये आणत होती. घरात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे, आणि दिवाळीची सुट्टी लागल्यापासून तर तिने हे नाव अगदी सार्थ केलं होतं. माळ्यावर धूळ खात पडलेलं लाकूडसामान तिने खाली उतरवलं, घासलं, पुसलं, पॉलिश केलं. गुबगुबीत सोफा मागच्या खोलीत ढकलला. “घर आहे की सिनेमाचा सेट?” असं बाबा दोनदा म्हणाले, तेव्हा तिने त्यांनाच सोफ्याचं एक टोक उचलायला लावलं.

आजोबा आर्किटेक्ट. हे घर त्यांनी बांधलं तेव्हा आतली खुर्ची न् खुर्ची स्वतः कागदावर काढून करून घेतली होती. तिरक्या, निमुळत्या पायांचा ठेंगणा, लांबलचक सोफा, आत्ता उठून चालू लागेल असा. नदीतल्या गोट्यासारखं लांबट-वाटोळं टेबल. सरकत्या दारांचं बुटकं कपाट. चारी बाजूंनी किरणं फुटलेलं घड्याळ. त्या हॉलचा जुना फोटो हाती लागला आणि भिंगरी वेडीच झाली. “इतकं भारी घर होतं आपलं, आणि तुम्ही त्याचं गोदाम केलंत?”

फोटो कृष्णधवल होता, पण म्हणून ती अडली नाही. शिलाई मशीनवरची खोळ जुन्याच पडद्याच्या उरलेल्या कापडाची होती. ती नेऊन तिने तस्सा मोहरीच्या फुलासारखा पिवळा पडदा शिवून आणला. गालिचा उचलला तर जमिनीवर जुन्या सामानाच्या पायांचे गोल वण तसेच होते. एकेक पाय तिने बरोब्बर आपापल्या वणावर बसवला.

हा सगळा आटापिटा एवढ्यासाठीच, की आजोबांनी बोलावं. त्यांचं विसरणं वाढत गेलं तसं बोलणं आटलं होतं. परक्या घरी, आतून बोलावणं येईपर्यंत थांबावं, तसे ते दिवसभर त्या गुबगुबीत सोफ्यावर गप्प बसून असत.

“उघडा!”

आजोबांनी डोळे उघडले. मग तिचा हात सोडून आपले आपण टेबलापाशी गेले, वाकले आणि टेबलाच्या खालच्या बाजूने तळवा फिरवला.

“खालून पॉलिश कुणी केलं?”

“मी... मी केलं,” भिंगरी म्हणाली.

“छान. लोक वरून पुसतात आणि मोकळे होतात. टेबलालाही पोट असतं.”

आई ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली. बाबा नुकतेच ऑफिसातून आलेले. खांद्यावरची बॅग तशीच, पाठीमागे बाहेरचं दार सताड उघडं, आणि ते उंबऱ्यातच खिळलेले.

आजोबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “तुम्ही कंत्राटदार ना? उभे का? बसा की. सोफा चावत नाही.”

“बसतो, बसतो,” म्हणत बाबा स्वतःच्याच घरात अवघडून टेकले आणि खो खो हसू लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. आईने भिंगरीच्या पाठीत एक धपाटा घातला, कौतुकाचा. भिंगरीला तर आरडाओरडा करत अख्ख्या गल्लीला सांगून यावंसं वाटत होतं.

आजोबांची नजर घड्याळावरून, कपाटावरून, पडद्यावरून फिरत स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबली.

“पाहुणे आलेत, आणि ही कुठे गेली?”

बाबांचं हसू जागच्या जागी विरलं.

आजी गेल्यावर आजोबा हे रोज विचारायचे. बाबा रोज खरं सांगायचे. आणि रोज ते आजोबांना पहिल्यांदाच कळायचं. त्यांचं ते रडणं घराने रोज नव्याने ऐकलं होतं. मग हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं, आणि त्याबरोबर बोलणंही. भिंगरीला हे सगळं ठाऊक होतं. पडद्याच्या रंगापासून पायांच्या वणांपर्यंत सगळं तिच्या ध्यानात आलं होतं, आणि नेमकं हेच आलं नव्हतं.

“कुठे गेली म्हणतो मी?”

“अप्पा,” बाबा सोफ्यावरून अर्धवट उठले, “आई...”

“बाहेर गेल्यात त्या,” भिंगरी म्हणाली. “येतीलच एवढ्यात.”

आजीला तिने जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं.

आजोबांचा चेहरा निवळला. “हां. तिचं आपलं असंच,” ते म्हणाले आणि सोफ्याच्या दुसऱ्या कडेला, शेजारची जागा मोकळी सोडून, ऐसपैस बसले.

बाहेरून गार वारा येत होता. आई दार लोटायला गेली.

“राहू द्या ते,” आजोबा म्हणाले. “तिचे दोन्ही हात भरलेले असतात. बेल नाही वाजवता येत तिला.”

आईने कडीवरचा हात काढून घेतला. ती येऊन बाबांशेजारी टेकली, भिंगरी तिच्याशेजारी. थंडी सरळ घरात शिरत राहिली, आणि तिघंही पाहुण्यांसारखे गुडघे जुळवून दाराकडे बघत बसले.