माझ्या पेल्यातला पीच

ओतिलिया आणि मी जुळ्या बहिणी. ती वर डोंगरावरच्या वेधशाळेत तारे बघते आणि मी दहाव्या वर्षापासून खाली एल्कीच्या खोऱ्यात द्राक्षं तोडते. रविवारी ती जेवायला आली, तेव्हा मी आईसारखंच दोन पेल्यांत शिजवलेले गहू, गार पाक आणि पाकात मुरलेला एकेक सुका पीच घातला.

“आठवतं? आई माझा पीच काढून तुझ्या पेल्यात टाकायची. म्हणे, शाळेत जाते तिला जास्त लागतं!”

“आणि तू टेबलाखालून मला लाथ मारायचीस.”

आम्ही दोघी पोट धरून हसलो.

“बरं, तिथे तू करतेस तरी काय?” मी विचारलं.

“तरुण ताऱ्याभोवती धुळीची, वायूची तबकडी असते. त्यातलं तो जे ओढून घेतो, ते त्याच्यावर पडताना उजळतं. त्या उजेडावरून तो किती ओढून घेतो, ते मोजते.”

“पण त्याचा स्वतःचा उजेड किती आणि ओढून घेतलेल्याचा किती, हे कळतं कसं गं?”

“सोपं आहे. त्याच्याच वयाचा, त्याच्याच वजनाचा दुसरा तारा शोधायचा, ज्याच्याभोवती घ्यायला काहीच उरलेलं नाही. त्याचा उजेड पहिल्याच्या उजेडातून वजा केला, की...”

ती मध्येच थांबली.

“की काय? एवढी शिकलीस ना, मग बोल की!”

तिने चमच्याने आपल्या पेल्यातला पीच उचलला आणि हळूच माझ्या पेल्यात सोडला.