चोळामोळा अर्ज

“हे शपथेवर सांगितलं तरी कुणाला खरं वाटायचं नाही,” मामा शर्टावर पाणी शिंपडत म्हणाला. इस्त्री फिरली आणि दुकानभर वाफ झाली.

समोर स्टुलावर भाची. मांडीवर कॉलेजचं पाकीट. शिष्यवृत्ती मंजूर, चारही वर्षांची फी, वसतिगृहसुद्धा. फक्त अर्जावर सही राहिलीय, उद्यापर्यंत करून आणा.

“पण मी अर्ज दिलाच नव्हता! लिहिला, वाचला, चोळामोळा करून तुझ्याच टोपलीत फेकला. कर्ज काढीन, म्हातारी होईपर्यंत फेडीन, पण घरचं रडगाणं परक्यांपुढे गाणार नाही, म्हणाले होते ना मी?”

“म्हणालीस. सगळ्या गल्लीनं ऐकलं.”

“मग तो पोचला कसा?”

“अगं, तू गेलीस आणि वाफ अशी दाटली की हँगरवरचे शर्ट झोपेत कूस बदलायला लागले. त्यातला एक पांढरा हळूच उतरला. टोपलीतून तुझा अर्ज उचलला, बाहीत धरला आणि निघाला तरंगत. मी धावणार, तर चप्पल सापडेना!”

“आणि कॉलेजात?”

“कारकून उठून उभा राहिला! आत माणूस आहे की नाही, बघतंय कोण? कॉलर कडक असली की झालं.”

भाचीला हसू आलं. क्षणभर तिला तो दिसलासुद्धा. छपरांवरून सावकाश चाललेला, खांद्यांत वारा भरलेला, बाहीत तिची अक्षरं.

“बोलला काय तो तिथे?”

“शर्ट कसा बोलेल? काहीतरी विचारतेस!”

तिने पाकिटातून अर्ज काढला आणि उजेडात धरला. चोळामोळा केलेल्या कागदावर एक सुरकुती नव्हती. फक्त मधोमध एक तपकिरी टोकदार डाग होता. त्याच्या वरच्या ओळीत तिने लिहिलं होतं, ‘आईवडील गेल्यापासून मला मामानेच वाढवलं.’

मामा एकदम कॉलरीच्या मागे लागला.

“मामा,” तिने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं, “रेशमावरसुद्धा तुझी इस्त्री कधी रेंगाळली नाही. इथे वाचत थांबला होतास ना?”