शेवटचा थेंब

जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येत होता आणि बायकोनं निक्षून सांगितलं होतं, "रविवारपर्यंत वास गेला नाही, तर गाडी विकायची." निवृत्त हेडमास्तर इरेला पेटले. त्यांनी टाकीचं झाकण बदललं, पाइप बदलले, मागची सीटसुद्धा उचकटून काढली. वास जागच्या जागी. "गळती साधीसुधी नाही," त्यांनी बायकोला ऐकवलं, "वास पार आपल्या चपलांच्या कपाटापर्यंत पोचलाय!"

शनिवारी मेकॅनिकनं गाडी एकट्यानं फिरवून आणली. "सर, वास नाही."

सर आत बसले. वास होताच. "हा काय! तुझं नाक काय शोभेला आहे?"

मेकॅनिकनं दारातून डोकं आत घातलं आणि हुंगत हुंगत खाली जाऊन तो थेट सरांच्या पायांशी थांबला. मग अदबीनं म्हणाला, "पंपावर टाकीतून नळी कोण काढतं?"

"मीच. त्या लोकांना घाई असते. मी चांगली तीनदा झटकतो. एक थेंब वाया जाऊ देत नाही."

मेकॅनिक नुसता सरांच्या उजव्या कापडी बुटाकडे बघत राहिला. चाळीस वर्षं पोरांच्या चुकांखाली लाल रेघा ओढलेल्या सरांनी मान खाली घातली.

ते अनवाणीच घरी परतले, बूट पाठीमागे धरून. बायको दारातच उभी होती. "सापडली गळती?"

"सापडली. किरकोळ होती."

तिनं एकदाच नाक वर करून हुंगलं.

"मग गाडी राहू दे," ती म्हणाली. "बूट विका."