दमाचा रियाज

डॉक्टरांनी काचेवर लावलेल्या फिल्मवर पेन टेकवलं आणि आजाराचं नाव सांगितलं. मोयामोया. बँडमास्तर हसला. नाव एखाद्या नाचाच्या गाण्यासारखं आहे म्हणाला. त्याचा थोरला भाऊ, त्याच बँडमधला क्लॅरिनेटवाला, हसला नाही. बेचाळिसाव्या वर्षी त्याच्या मेंदूच्या मुख्य रक्तवाहिन्या आवळत चालल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, वाटा दोन. गोळ्या घेऊन लक्ष ठेवायचं, नाहीतर डोक्याच्या कातडीतली नस कवटीच्या आत नेऊन मेंदूच्या नसेला जोडायची. ऑपरेशनमध्येच झटका येऊ शकतो. ते निभावलं तर पुढचा धोका बराच कमी. गोळ्यांनी गुठळी टळते, आवळलेली नस मात्र सुटत नाही. वारंवार त्रास होणाऱ्याला डॉक्टर ऑपरेशनच सुचवत.

कवटी हा शब्द ऐकूनच मास्तर गार पडला. दगडापेक्षा वीट मऊ, गोळ्याच द्या, असं त्याने परस्पर सांगून टाकलं. बँडमध्ये कुणी काय वाजवायचं ते तोच ठरवायचा, ती खोड इथेही सुटली नाही. दादाला तसा त्रास काहीच नाही, एकदा चक्कर आली आणि वाजवताना जरा सूर सुटतात, एवढंच, असंही तोच म्हणाला.

डॉक्टरांनी थोरल्याला विचारलं, "हात गळून गेल्यासारखा होतो का कधी?"

"रोज," तो म्हणाला. "सकाळी सातच्या सुमाराला. बोटं ऐकत नाहीत. पाच-दहा मिनिटांनी येतात ताळ्यावर."

"सातला काय करता?"

त्याने मास्तरकडे पाहिलं. "फुगे फुगवतो," तो म्हणाला. सूर सुटायला लागले तसं दोन वर्षांपूर्वी मास्तरनेच थोरल्याला मागच्या रांगेत टाकलं होतं आणि दम वाढावा म्हणून रोज सकाळी फुगे फुगवायला बसवलं होतं. दाराबाहेरून ओरडायचा, आणखी दहा.

डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी बाजूला सारली. असे जोरजोरात श्वास टाकले की या नसा आणखी आवळतात, मेंदूला रक्त पुरत नाही, असं ते म्हणाले. रक्त न पोचल्याने मेंदूवर पडलेले तीन जुने डाग फिल्मवर होते, तेही त्यांनी दाखवले.

मास्तर त्या डागांकडे बघतच राहिला. त्याला स्वतःची भीती वाटली.

"दादा, बोलला का नाहीस?"

"तू म्हणालास, दम कमी पडतोय," थोरला म्हणाला. "मला वाटलं, पडत असेल."